ठिपका नसलेली काच

"खा गं, तोंड काय बघतेस माझं? हिरवं आलंय!" असं म्हणत डार्लीन कॉस्कीने लिंबाच्या वड्यांची थाळी टेबलावर आपटली. वरची पिठीसाखर उडून तिच्याच स्वेटरवर बसली.

प्रयोगशाळेच्या कॉफीच्या खोलीत त्या दोघीच होत्या. खिडकीतून खाली सरोवर दिसत होतं आणि खनिजाचं एक लांबलचक जहाज पुलाच्या दिशेने सरकत होतं. पूल वर उचलला जाण्याआधीचा भोंगा वाजला. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या या डुलुथ गावात जन्म काढलेल्या माणसाला तो भोंगा ऐकूच येत नाही. व्हर्ना नीमीने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि एक वडी उचलली.

"मशीनचं हिरवं की डॉक्टरांचं?" तिने विचारलं.

"दोघांचं. मशीनने हिरवं दिलं, ब्रॉफीने खाली सही ठोकली. पूर्वी दोन-दोन आठवडे बायकांच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. आता बघ, परवा तुकडा काढला आणि आज वड्या खातेय."

"स्वतःच्या छातीचा तुकडा स्वतःच नोंदवून घेतलास म्हणे खिडकीवर."

"मग? बाटलीवर नावाची चिठ्ठीसुद्धा मीच चिकटवली. अशी बाई दुसरी दाखव मला." डार्लीनने बोटाची साखर चाटली. "आणि कापलास तू. जाड कापला असशील, तुझा काही नेम नाही."

"तुझ्यात पातळ काही असतं का, ते पातळ कापू?"

दोघी हसल्या. हसताना डार्लीनचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती कॉफी ओतायला वळली. काय भोगलं असेल तिने त्या दोन दिवसांत, ते व्हर्नाला त्या क्षणी कळलं.

हिरवं म्हणजे निर्धोक. तुकड्याचा काप लावलेली काच स्कॅनरमध्ये गेली की पहिल्यांदा यंत्र ती वाचायचं. संशय आला तर तांबडं, आणि ती काच ताबडतोब डॉक्टरांच्या पडद्यावर. काही नसलं तर हिरवं, आणि ती रांगेत शेवटी. डॉक्टर हिरव्यावरही नजर टाकत असत, नाही असं नाही. पण वर हिरवी पट्टी असली की नजर कशी पडते, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दोघी या इस्पितळात आल्या तेव्हा दोघींचे केस काळेभोर होते. डार्लीन समोरच्या खिडकीवर बसे. शस्त्रक्रियेच्या खोल्यांतून, दवाखान्यांतून आलेल्या बाटल्या ती घ्यायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक टोमणा द्यायची. व्हर्ना आत, कापायच्या टेबलाशी. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मेणाची वडी पात्यासमोर लावायची आणि चाक फिरवायचं. पात्याखालून जी पट्टी निघते ती दुधावरच्या सायीहून पातळ. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती मोडू द्यायची आणि खालून काच घालून अलगद उचलायची. मग रंग. मग डॉक्टर. श्वास जोरात सोडला तरी पट्टी उडून जाते, म्हणून या कामाची माणसं बोलतातही हळू. व्हर्ना तर मुळातच हळू बोलायची. डार्लीन म्हणायची, "तू मेलीस तरी आम्हाला चार दिवस कळायचं नाही."

तेव्हा सगळा कारभार डॉक्टर हॅलस्टाडांचा होता. पाइपचा धूर, शेजारी चालू रेडिओ, टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला भाजका मासा. त्या कागदाच्या तेलाचे डाग काचांच्या पेट्यांवर पडायचे आणि कुणी काही म्हणायचं नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते तासन् तास बसत. नेमका रोग सापडला की खिशातलं निळं पेन काढून काचेवर एक ठिपका देत. एकच, टाचणीच्या डोक्याएवढा. बाकीचे डॉक्टर काचेवर लाल-हिरवी वर्तुळं, बाण, रेघोट्या काढायचे. हॅलस्टाडांचा फक्त ठिपका.

शिकाऊ डॉक्टर आले की ते ती काच पुढे करत. "ठिपक्याखाली बघा. दिसलं?" शिकाऊ मान हलवत. मग ते मागे न बघताच काच पाठीमागे धरत, "व्हीरा, पूस."

व्हर्ना स्पिरिटच्या बोळ्याने ठिपका पुसायची, ती काच दुसऱ्या काचांत मिसळायची आणि सगळ्या परत आणून द्यायची. "आता शोधा," हॅलस्टाड म्हणत. शिकाऊंच्या कपाळाला घाम फुटायचा. मोठी मौज असायची ती.

व्हीरा. एवढ्या वर्षांत त्यांना तिचं नाव धड घेता आलं नाही. तिनेही कधी सुधारलं नाही. ती ओ द्यायची.

"ही व्हीरा कोण गं?" डार्लीन विचारायची. "जुळी बहीण का तुझी? पगार दोघींत वाटून घेता का?"

हॅलस्टाड वारले तेव्हा त्यांचा खण रिकामा करायचं काम व्हर्नाकडे आलं. पाइप मुलीने नेला. निळं पेन व्हर्नाच्या कोटाच्या खिशात गेलं, आणि तिथेच राहिलं.

यंत्र आलं ते त्याच्या पुष्कळ नंतर. तोवर दोन डॉक्टर निवृत्त झाले होते, एकजण मोठ्या शहरात निघून गेला होता, आणि उत्तरेकडच्या खाणींच्या गावांतल्या बायका निकालासाठी महिना महिना ताटकळत होत्या. नवे प्रमुख डॉक्टर ब्रॉफी चाळिशीतले, सरळ बांध्याचे, सकाळी धावायला जाणारे. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "उद्याची पॅथॉलॉजी आजच आपल्या दारात आलीय. मोठ्या शहरातल्या बाईला जे उत्तर एका दिवसात मिळतं, तेच आता खाणीवरच्या बाईला मिळेल." खोटं नव्हतं ते. बोलताना त्यांचा आवाज खरंच जड झाला होता.

यंत्राला शिकवायला तळघरातल्या जुन्या काचा लागणार होत्या. त्या स्कॅनरमध्ये घालण्याआधी पुसायच्या होत्या.

"व्हर्ना, शाईचा एक कण राहता कामा नये," ब्रॉफी म्हणाले. "यंत्राने फक्त पेशी बघायच्या. ते शिकाऊ आहे असं समजा."

तो सबंध वसंत व्हर्नाने तळघरात काढला. लाल वर्तुळं पुसली, हिरवे बाण पुसले, काळ्या रेघोट्या पुसल्या. मग एका पेटीत पहिला निळा ठिपका आला आणि बोळा धरलेला हात थांबला. त्या काचेच्या कडेवर पिवळा डाग होता, माशाच्या तेलाचा असेल नाही तर पाइपचा. ती बराच वेळ काच उजेडाला धरून बसली. या माणसाचं आता जगात काय उरलं होतं? थडग्यावर त्यांच्या नावातलं एक अक्षरसुद्धा झिजलं होतं. आणि शिकाऊच आहे ना यंत्र? शिकाऊंना तर ते ठिपका देऊनच शिकवत. तिने ती काच तशीच ठेवली. पुढचीही, आणि तळघरातल्या निम्म्याहून अधिक पेट्या त्यांच्याच होत्या.

डार्लीन डबा घेऊन तळघरात आली, तिने ते पाहिलं.

"बाकीच्यांचं सगळं घासतेस आणि म्हाताऱ्याचं तेवढं ठेवतेस? लग्न का नाही लावलंस त्याच्याशी?"

"कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगतेय? निळा ठिपका तो. त्याने काय यंत्राला ताप येणार आहे?" डार्लीनने पेटी बंद करून तिच्यावरच डबा ठेवला आणि दोघी रानतांदळाचं सूप प्यायल्या.

यंत्राच्या कंपनीकडून टेसा नावाची एक मुलगी आली होती, फार हुशार, सतत घाईत. तिने वरच्या दोन-चार पेट्या उघडून पाहिल्या. स्वच्छ होत्या.

"सगळ्या पुसल्यात ना?"

"हो," व्हर्ना म्हणाली.

यंत्राच्या परीक्षेच्या काचाही त्याच तळघरातल्या, त्याच पेट्यांमधल्या. यंत्र असं काही उत्तीर्ण झालं की केक कापला गेला. त्या केकवर हिरव्या साखरेने सूक्ष्मदर्शक काढलेला होता.

त्या उन्हाळ्यात डार्लीनचं हिरवं आलं आणि लिंबाच्या वड्या झाल्या.

दर शनिवारी दोघी डार्लीनच्या मागच्या अंगणातल्या सौनात, वाफेच्या लाकडी खोलीत, बसत. तिथे कुणी कुणापासून काही झाकत नाही. शरदात एका शनिवारी तापल्या दगडांवर पाणी टाकायला डार्लीनने हात वर केला आणि व्हर्नाला तिच्या काखेत गाठ दिसली. अक्रोडाएवढी.

"डार्लीन, ते काय?"

"चरबी. तूच म्हणतेस ना, माझ्यात पातळ काही नसतं."

"डॉक्टरला दाखव."

"अगं हिरवं आहे ते! यंत्राने बघितलंय, ब्रॉफीने बघितलंय, कापलं तू. आता काय रोमला पोपकडे जाऊ? हरणांची शिकार उरकू दे. भाऊ येतोय, भाचे येताहेत, एवढ्यांच्या जेवणाचं कोण बघणार?"

व्हर्नाने पुन्हा काही म्हटलं नाही. हिरवं म्हणजे हिरवं, असं तिलाही वाटत होतं.

शिकार संपली, सरोवर काठाशी गोठायला लागलं, आणि डार्लीन उभ्या उभ्या खिडकीवर कोसळली. अंग पिवळं, डोळे पिवळे. रोग यकृतात गेला होता, मणक्यात गेला होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यातली काच परत काढून पाहिली. रोग तेव्हाही तिथेच होता, एका कोपऱ्यात, पण स्वच्छ दिसण्यासारखा. हिरव्या पट्टीखालून तो ब्रॉफींच्या डोळ्यांसमोरून सरळ निघून गेला होता.

टेसाला बोलावण्यात आलं. दार लावून बैठक बसली. काचांच्या पेट्या आणून द्यायला व्हर्ना लागली, म्हणून ती आत होती.

"यंत्र कुठे बघतं ते आपल्याला बघता येतं," टेसा म्हणाली. "जिथे ते लक्ष देतं तिथे नारिंगी दिसेल."

तिने पडद्यावर एक जुनी काच आणली, यंत्राने अचूक ओळखलेली. मधोमध जांभळा-गुलाबी तुकडा. त्यावर नारिंगी नव्हतं. नारिंगी होतं ते तुकड्याच्या किनारीवर एका निळ्या ठिपक्याभोवती, निखाऱ्यासारखं. दुसरी काच. पुन्हा ठिपका, पुन्हा निखारा. तिसरी. मग टेसाने डार्लीनची काच आणली. त्या पडद्यावर नारिंगी कुठेच नव्हतं. त्या काचेत बघण्यासारखं यंत्राला काही सापडलंच नव्हतं.

टेसाच्या तोंडून हसू निसटलं. वाईट मनाचं नव्हतं ते, पण निसटलं. "ते कर्करोग शिकलंच नाही," ती म्हणाली. "ते ठिपका शिकलं."

ब्रॉफी खुर्चीत वळले. "व्हर्ना?"

"शिकायला मदत होईल असं वाटलं," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की तिला तेच वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

ब्रॉफींनी उठून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग ब्रॉफी म्हणाले, "हे या खोलीतून बाहेर जाणार नाही. निदान यात मी एकटा बुडणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

"पण डार्लीनला..."

"तिला सांगून तिचा रोग उतरणार आहे का? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून त्या बाईच्या उरल्यासुरल्या दिवसांत हे कालवायचंय तुम्हाला?"

"आणि बाकीची हिरवी?"

ब्रॉफींनी टेसाकडे पाहिलं, टेसाने पडद्याकडे. "बघू," ते म्हणाले. "हळूहळू बघू."

व्हर्ना कोट न घालताच बाहेर पडली. सरोवरावरून येणारा वारा अंगाला सोलून काढत होता, पण तिला कोट आठवला तो डार्लीनच्या दारात.

डार्लीन कोचावर पांघरुणाच्या ढिगात बसली होती. टीव्हीवर हॉकीचा सामना चालू होता, आवाज बंद.

"ये. कोट कुठाय? खुळी झालीस का?"

"डार्लीन, ते निळे ठिपके," व्हर्ना म्हणाली, आणि तिला पुढे बोलता येईना.

बोलावं लागलंच नाही. डार्लीनने आयुष्यभर खिडकीवर बसून माणसांचे चेहरे वाचले होते. तिने रिमोट खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट जाताना व्हर्नाला दिसली: तळघर, पेट्या, सूप.

"तेच शिकलं ते?" डार्लीनने विचारलं.

"हो."

"आणि माझ्यावर ठिपका नव्हता."

"नव्हता."

डार्लीन हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकल्यात पिवळं पाणी आलं. व्हर्नाने भांडं पुढे धरलं.

"मी तेव्हाच ब्रॉफीला सांगायला हवं होतं," श्वास बसल्यावर ती म्हणाली. "तुझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. बघ, कसली मैत्रीण मिळाली मला."

व्हर्नाने भांडं खाली ठेवलं.

"आणि कुणासाठी गं? तो तुला व्हीरा म्हणायचा. कुत्र्याचंसुद्धा नाव नीट घेतो माणूस. तुझं नाव माहीत नसलेल्या माणसासाठी तू मला विकलंस." तिने हे मोठ्याने म्हटलं नाही. मोठ्याने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "आयुष्यभर मी तुला हसत आले, व्हर्ना. मला वाटायचं तू साधी आहेस. तू साधी नाहीस. तू रिकामी आहेस."

टीव्हीवर गोल झाला. लोक उठून ओरडत होते, आवाजाशिवाय.

"बाकीच्या बायकांचं काय?" थोड्या वेळाने डार्लीनने विचारलं. "हिरवं मिळालेल्या? माझ्या खिडकीवरून गेल्यात सगळ्या. एकीने मला भट्टीत भाजलेला बटाट्याचा पदार्थ आणून दिला होता, हिरवं आल्याच्या आनंदात."

"हळूहळू बघू म्हणाले."

"हळूहळू?" डार्लीन पांघरुणातून उठून बसली. खिडकीवरचा तिचा जुना आवाज परत आला. "उद्या सकाळी जा आणि सांग त्या धावणाऱ्याला, डार्लीन कॉस्कीने वकील गाठलाय. गाठलेला नाहीय मी, पण सांग. मग बघ कसे पळत पळत बघतात. जा आता. दार नीट लाव, वारा येतो."

व्हर्नाने ब्रॉफींना तसंच सांगितलं. यंत्र बंद झालं, बाहेरून दोन डॉक्टर आले आणि सगळी हिरवी पुन्हा वाचली गेली. काहींची तांबडी झाली. त्या बायकांची नावं व्हर्नाला कुणी सांगितली नाहीत आणि तिने विचारली नाहीत. ब्रॉफींना वाटलं होतं तितकं काही बुडालं नाही. 'कुठलीच तपासणी शंभर टक्के नसते' अशा अर्थाचं काहीतरी छापून आलं, आणि पुसलेल्या काचांवर यंत्राला नव्याने शिकवायचं ठरलं.

व्हर्नाला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर कापायला कोण होतं? दोन वर्षं जाहिरात देऊनही त्या कामाला माणूस मिळत नव्हता. ब्रॉफी तिच्याशी नीट बोलत, पूर्वीपेक्षाही नीट. मात्र तिला परत तळघरात पाठवलं, निळे पुसायला. या वेळी प्रत्येक पेटी पुसून झाली की कुणीतरी येऊन तपासून जाई.

ती पुसत बसली. ओळखीचं काम होतं, हात आपोआप चालत होते. बोळ्यावर निळा डाग उमटे, काच दुसऱ्या काचांत जाई. असंच एकदा बोळा फिरवताना तिला पाठीमागे काच धरलेला हॅलस्टाडांचा हात आठवला, आणि ते दोन शब्द. व्हीरा, पूस.

तिचे हात थांबले. ठिपक्याखाली बघा, एवढंच नव्हतं ते शिकवणं. पुसल्यावर शोधा, हे खरं शिकवणं होतं. ठिपका देणारे ते, आणि पुसणारी ती. त्या माणसाने तिला आयुष्यात एकच काम नावाने सांगितलं होतं, मग नाव चुकीचं का असेना, आणि नेमकं तेच तिने केलं नव्हतं.

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा डार्लीनच्या यकृतातला तुकडा प्रयोगशाळेत आला. कुठलं औषध लागू पडेल ते बघायला शेवटचा एक तुकडा. खिडकीवर आता दुसरी मुलगी होती. तिने बाटली आत आणून दिली आणि म्हणाली, "या बाईंचा निरोप आहे तुमच्यासाठी. म्हणाल्या, हे तिलाच कापू द्या. आणि म्हणाल्या, तिला सांगा, ह्या वेळी ठिपका मार, म्हणजे आंधळ्याला दिसेल." मुलीला त्यातलं काही कळलं नाही. "काहीतरी गंमत असेल ना तुमची?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "गंमत आहे."

तिने तुकडा मेणात बसवला. नवं पातं लावलं. चाक इतकं सावकाश फिरवलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघायला लागला. पट्टी निघाली ती एकसंध, कुठे रेघ नाही, कुठे भोक नाही. कोमट पाण्यावर ती पसरली. व्हर्नाने श्वास धरला आणि काचेवर उचलली. एवढी सुंदर पट्टी तिने अख्ख्या नोकरीत कापली नसेल.

रंग चढून काच वाळली. तिने ती उजेडाच्या पेटीवर ठेवली. गुलाबी आणि जांभळं, त्यात अधिक गर्द जांभळं, त्यात फिकट. तिने खिशातून निळं पेन काढलं आणि टोपण उघडलं. पेन अजून लिहीत होतं. तिने टोक काचेजवळ नेलं.

कुठे?

ती बघत राहिली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सगळंच सारखं दिसत होतं, किंवा सगळंच वेगळं. डार्लीन कुठे संपते आणि रोग कुठे सुरू होतो, ते तिला दिसेना. इतक्या माणसांचं एवढं कापलं तिने, एवढं उचललं. पण ठिपका कुठे द्यायचा ते तिला कधीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

खाली पुलाचा भोंगा वाजला. या मोसमातलं पहिलं जहाज होतं.

तिने पेनाला टोपण लावलं. स्वच्छ बोळ्याने काचेची कड पुसली, तिच्यावर काही नव्हतं तरी. मग ती काच रांगेतल्या दुसऱ्या काचांबरोबर स्कॅनरच्या ताटात ठेवली, आणि पुढची मेणाची वडी पात्यासमोर लावली.